हळद लागलेली माती

आमच्या रंभामावशीच्या दारातून विकलेली म्हैसदेखील हळदकुंकू लावल्याशिवाय जात नाही. मुळशीत सगळ्यांना हे ठाऊक आहे. शुभांगीला नव्हतं.

ती पुण्याहून माती न्यायला आली होती. भातखाचरातली आजची माती आणि खोल खड्ड्यातली हजारो वर्षं दबलेली माती, दोन्हींत कोणकोणते सूक्ष्म जीव नांदतात ते तिला ताडून पाहायचं होतं. खड्डा अर्थात मी खणला.

"मावशी, ही माती जिवंत आहे बरं का," असं सांगून तिनं भरलेल्या डब्या ओसरीवर ठेवल्या आणि हात धुवायला गेली. परत येऊन बघते तर प्रत्येक डबीत मातीवर हळदकुंकवाची चिमूट.

शुभांगीनं एक डबी मावशीपुढं धरली. "अहो, हळदीनं मरतात ना त्यातले जीव."

"जिवंत हाय म्हणालीस, मग तशीच कशी धाडू?"

खड्ड्यात पुन्हा मलाच उतरावं लागलं.

निघताना मावशी करंडा घेऊन आलीच. शुभांगीनं नव्या डब्या पोटाशी घट्ट धरल्या.

"त्यास्नी न्हाई लावत," मावशी म्हणाली. "तू पुढं हो. तू काय हळदीनं मरायची न्हाईस."