टाळेबंदीतले मामा

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतका भित्रा माणूस अख्ख्या बडोद्यात शोधून सापडणार नाही. कुकरची शिट्टी होईपर्यंत ते गॅलरीत उभे राहतात. सयाजीगंजात रस्ता ओलांडायचा तर आधी एखादी म्हातारी शोधतात आणि तिला सोबत केल्याचा आव आणून तिच्याच आडोशाने पलीकडे जातात. अशा माणसाने बावीस वर्षं कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर काम कसं केलं, देव जाणे. "मशीन ओरडत नाही गं," असं मामींना सांगायचे, "माणसं ओरडतात."

मागच्या वर्षी तिथे संप झाला. मामा घाबरत घाबरत संपात गेले, कारण न जाण्याची भीती जास्त होती. दहाव्या दिवशी मालकाने गेटला टाळं ठोकलं आणि नागरवाड्यातल्या त्यांच्या घरात भीती मुक्कामालाच आली. दाराची कडी वाजली तरी मामी दचकायच्या. मुलीचं लग्न ठरत आलं होतं. तिकडून "पछी जोईशुं", नंतर बघू, एवढाच निरोप आला.

दोन महिन्यांनी कारखान्याचं बोलावणं आलं. एकेका कामगाराने वेगवेगळं यायचं, हमीपत्रावर सही करायची, की दुसऱ्या दिवसापासून कामावर. मामा मला घेऊन गेले. गेटवर पोलिसांची गाडी उभी होती. मामांनी घामेजल्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं होतं. कागदावर लिहिलं होतं, 'मला धमकावून संपात ओढलं'; आणि खाली धमकावणाऱ्या तिघांची नावं. त्यातला एक मामांच्या शेजारच्या प्रेसवरचा.

"सही करी नाखो ने, काका," टेबलामागचा साहेब म्हणाला.

"भीती वाटते, साहेब."

"कोणाची? पोलीस आहेत ना इथे."

मामांनी कागद परत सरकवला. "मी आयुष्यभर सगळ्यांना घाबरलो, साहेब. पण या तिघांना कधीच घाबरलो नाही. मग असं कसं लिहून देऊ?"

बाहेर येताच रिक्षात मी त्यांना जवळजवळ उचलूनच बसवलं.

कारखाना उघडला. सही केलेले आत गेले, मामा बाहेर राहिले. मुलीचं लग्न मोडलं ते मोडलंच. हल्ली ते वाडी भागातल्या एका दुकानात भांड्यांचे पोचे काढतात. संध्याकाळी कारखान्याची बस कोपऱ्यावर थांबली, की घाईघाईने गल्लीत वळतात.

"अजून कसली भीती, मामा?" मी एकदा विचारलं.

"भीती नाही हो, जावईबापू," ते हळूच म्हणाले. "जुने सोबती उतरतात. मला बघितलं की बिचाऱ्यांना मान खाली घालावी लागते."