सुधाकरचं आठवं विमान

शोभावहिनींचा फोन आला तेव्हा मी एका गाडीच्या दाराला वर्तमानपत्र चिकटवत होतो. रंग मारायच्या आधी काचेला, हँडलला कागद लावावा लागतो, नाहीतर फवारा नको तिथं बसतो. हात चिकट होते म्हणून स्पीकर लावला. "भाऊजी, या," एवढंच त्या म्हणाल्या. दिवाळीनंतर पोटाच्या कॅन्सरनं सुधाकर अंथरुणाला खिळला, तेव्हापासून आम्ही सगळे याच फोनची वाट बघत होतो. असं म्हणायला जीभ रेटत नाही, पण खरं तेच आहे. गाडी तशीच टाकून निघालो. मुकुंदवाडीत आमच्या दोघांच्या घरांमध्ये फक्त एक गल्ली आहे. त्या दिवशी ती गल्ली काही केल्या संपेना...

लोकांसाठी तो सुधाकर सर. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवणारा, कायम पांढऱ्या शर्टात. माझ्यासाठी सुध्या, आणि मी त्याच्यासाठी रम्या. आम्ही चड्डीत होतो तेव्हापासूनचे दोस्त. माझा धंदा डेंटिंग-पेंटिंगचा. ठोकलेल्या गाडीचा नवा पत्रा जुन्या रंगाला असा जुळवून द्यायचा की खुद्द मालकाला जागा सापडू नये. आणि सुध्याला हिरवा कोणता आणि तपकिरी कोणता हेच कळत नव्हतं. तांबडं, हिरवं, मातकट, सगळं त्याला एकाच घरातलं दिसायचं. हे आज मी पहिल्यांदा लिहितोय, आणि वहिनींना विचारून लिहितोय.

ऐन तारुण्यात आम्ही दोघं हवाई दलाच्या भरतीला गेलो होतो. मी पळण्यातच गार पडलो. सुध्या लेखी परीक्षेत पुढं, पळण्यात पुढं, आणि छाती तर दरवाजाएवढी. शेवटी डोळ्यांची तपासणी राहिली होती, मी त्याच्यासाठी बाहेर थांबलो होतो. ठिपक्या-ठिपक्यांचं एक पुस्तक असतं, त्यातला आकडा ओळखायचा. मला दाराबाहेरून आकडा दिसत होता, आणि पुस्तकावर वाकलेला सुध्या विचारत होता, "साहेब, इथं आकडा कुठंय?" बाहेर आला तो खाली मान घालूनच. फाटकापाशी थांबला आणि म्हणाला, "रम्या, आत भिंतीवर लढाऊ विमानाचं चित्र होतं. कोणत्या रंगाचं होतं रे ते?" मी म्हणालो, "वाळूसारखं. वाळवंटात लपावं म्हणून तसं रंगवत असतील. अन् वरून काळपट हिरवे पट्टे." तो फाटकातून बाहेर पडला. मग म्हणाला, "मला नुसतं फिकट अन् गडद दिसलं."

घरी बापानं पेढे आधीच वाटून टाकलेले. डोळ्यात खोट आहे हे सांगायची सुध्याची काही हिंमत झाली नाही. म्हणाला, छाती भरली नाही. झालं! म्हातारा वर्षभर त्याला अंधारात उठवून दंड काढायला लावायचा आणि वर अंडी चारायचा. म्हातारी शेजारणींना सांगायची, "जराशीच कमी पडली बघा छाती, नायतर आज इमानात असतं लेकरू." एवढा आडवा गडी, मुकाट्यानं अंडी गिळत बसायचा. मी चिडायचो, "सांगून टाक की एकदाचं!" तर म्हणायचा, "आंधळा म्हणतील." पुढं नोकरी लागली, लग्न झालं, प्रज्ञा झाली, आणि सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. शाळेत लाल पेनाला त्यानं कागदाची चिठ्ठी चिकटवलेली असायची. पांढरे शर्ट त्यासाठीच. पांढऱ्यात चूक होत नाही. वहिनी समजायच्या, मास्तरांना साधेपणाची आवड.

विमानांचा नाद चाळिशीत लागला. प्लास्टिकचे सुटे भाग खोक्यात येतात, ते जोडून वीतभर विमान करायचं. जोडण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. दोन भागांमधली रेघसुद्धा कुठं ढळायची नाही. पण विमान मात्र तेच, भिंतीवरच्या चित्रातलं, आणि रंगही वाळवंटातलेच. रंगाचं काम माझं. रविवारी दुपारी गॅरेजचं शटर अर्धं ओढून आम्ही बसायचो. पांढऱ्यात पिवळा, टिचभर तांबडा, काडीच्या टोकावर येईल एवढा काळा. कार्डावर एक पट्टी ओढायची, वाळू द्यायची, मग बघायचं, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग यात फरक पडतो. त्यात वस्तू लहान असली की खरा रंग तिच्यावर जड दिसतो, म्हणून तो अंमळ फिकट करायचा. प्रज्ञानं सहलीहून जैसलमेरची मूठभर वाळू आणून दिली होती, ती बशीत समोर ठेवलेली. सुध्या दर पाच मिनिटांनी विचारायचा, "झाली का वाळू?"

"नाय अजून. पिवळा कमी पडतोय."

"तुला कसं कळतं रे?"

"तुला पाढे कसे कळतात? गप बस."

अशी सात विमानं झाली. घरी आलेला माणूस म्हणायचा, काय रंग जुळवलाय सर! तेव्हा सुध्या हळूच माझ्याकडं बघायचा. मी चहात तोंड घालायचो.

एकदा उन्हाळ्यात आम्ही स्कूटरवर अजिंठ्याकडं चाललो होतो. रस्त्याच्या कडेला वाळलेलं गवत, माती, दगड. सुध्या मागून ओरडला, "थांब, तितर बसलंय!" मी डोळे फाडफाडून पाहिलं, मला गवताशिवाय काही दिसेना. त्यानं खडा मारला, तर हाताच्या अंतरावरून तितर भुर्रकन उडालं. आपल्याला रंग फसवतो, त्याला फसवायचा नाही. रंग त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता, म्हणून त्याला नुसता पक्ष्याचा आकार दिसायचा. "बघ, लढाईत मीच कामाचा होतो," असं म्हणून तो हसला. मीही हसलो.

आजार कळला त्याच आठवड्यात त्यानं नवं खोकं मागवलं. मला बोलावून सांगितलं, "हे आठवं. याला तू हात लावायचा नाहीस." मी म्हणालो, बरं, निदान रंगांच्या बाटल्यांवर नावं लिहून देतो. तेही नको. मग माझं डोकं फिरलं. "अरे, हा काय पोरखेळ लावलाय?" तो शांतपणे म्हणाला, "सात विमानं तुझी आहेत, रम्या. मी नुसता सुतार. मरायच्या आत एक तरी माझं होऊ दे." मी उठून निघून आलो.

औषधांनी हात थरथरायचे. दोन घास पोटात ठरायचे नाहीत. तरी उशाशी बाटल्या मांडून तो रंग कालवत बसायचा, असं वहिनी सांगायच्या. मी जायचो तेव्हा विमान फडक्याखाली झाकलेलं असायचं. अखेर एक दिवस त्यानं फडकं काढलं... वाळूच्या जागी पिस्त्यासारखा हिरवट रंग बसला होता, आणि हिरव्या पट्ट्यांच्या जागी विटकरी. मी तोंड उघडणार तेवढ्यात तो म्हणाला, "बोलू नको. काहीच बोलू नको." तेवढ्यात प्रज्ञा आली. ती माहेरी येऊन राहिली होती. तिनं ते विमान फळीवर बाकीच्या सातांच्या रांगेत मधेच कुठं ठेवून दिलं, बापाला धरून समोर खुर्चीत बसवलं आणि मोबाइलवर फोटो काढला. फोटो होईपर्यंत सुध्या माझ्या तोंडाकडं बघत होता. त्याला जे कळायचं ते कळलं. मग पलंगावर गेला आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

तो गेल्यावर पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्या बौद्ध रीतीच्या शोकसभेला, घर माणसांनी भरलं होतं. वंदना झाली, चार माणसं त्याच्याबद्दल बोलली, आणि बाकीच्यांचे डोळे पुन्हा पुन्हा त्या हिरवट विमानाकडं जात होते. पाहुण्यांतलं कुणीतरी फिसकन हसलं. वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "भाऊजी, औषधांनी शेवटी डोळे गेले होते का हो त्यांचे? लोक हसतात. तेवढं एक घेऊन जा, अन् तुमच्या हातानं नीट करून आणा." मी नेलं. गॅरेजात वाळूचा रंग कालवला, तोही पहिल्याच झटक्यात जमला. ब्रश उचलला आणि बसून राहिलो. एक हात मारला असता तर ते माझं आठवं झालं असतं. तसंच परत आणून दिलं. वहिनींनी ते रांगेच्या मागं सरकवलं.

महिना झाला तेव्हा प्रज्ञानं वर्तमानपत्रात श्रद्धांजली दिली, तोच खुर्चीतला फोटो घालून. चांगला मोठा छापला होता. सकाळीच वहिनींचा फोन आला, मी गेलो. त्या जमिनीवर पेपर पसरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, यातलं ते चुकलेलं कोणतं?"

मी चष्मा लावला. आतलं पान, काळं-पांढरं. त्याच्या डोक्यामागं आठ विमानं एका रांगेत. आठांचं अंग सारखंच फिकट, आठांचे पट्टे सारखेच गडद. पेपर घेऊन खिडकीपाशी गेलो. न जुळलेली जागा हुडकण्यावर आयुष्यभर पोट भरलंय माझं, पण मला ती सापडेना. फिकट होतं ते तितकंच फिकट, गडद होतं ते तितकंच गडद. सुध्याला जेवढं दिसत होतं तेवढं त्यानं केसभरही न चुकता जुळवलं होतं. साल्यानं करून दाखवलं होतं! मी तिथंच लहान पोरासारखा रडलो. मग वहिनींना सगळं सांगितलं. भरती, आकडा, छाती, पांढरे शर्ट, सगळं.

त्या आधी चिडल्या. "तुम्हाला सांगितलं, अन् मला नाही? एवढ्या साड्या नेसून यांच्यापुढं उभी राहिले मी. कशी दिसते म्हटलं की, छान. काय दिसत होतं यांना?" त्यांनी पदर तोंडाशी धरला. मग एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्यात लग्नाला पांढरी साडी असते, भाऊजी. ती तरी नीट दिसली असेल ना हो?"

"दिसली असेल, वहिनी."

त्या उठल्या आणि आठवं विमान सगळ्यात पुढं ठेवलं. "लिहा तुम्ही त्यांच्यावर," म्हणाल्या, "आता कुणापासून लपवायचंय?" अजूनही घरी आलेला माणूस त्या विमानाकडं बोट करून म्हणतो, हे जरा चुकलंय का? वहिनी म्हणतात, "नाही. ते जुळलंय." येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगतात. फक्त ज्याला सांगायला हवं होतं, तो भिंतीकडं तोंड करून गेला.