जिन्यातली अझेलिया

अझेलियाचं झाड मुंबईत जगत नाही, असं मला आजवर तीन जणांनी सांगितलं आहे. त्यातल्या एकाने ते झाड मला भेट दिलं.

हे एक म्हणजे आमचे साडू दिलीपराव. माझ्या बायकोच्या, नीताच्या, थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला पाचगणीला. त्यांच्या बंगल्याभोवती अझेलिया अशी माजली आहे की कुंपण कुठे संपतं हे पाहुण्याला विचारावं लागतं. बारा महिने हिरवीगार, आणि थंडीत पान दिसू नये इतकी गुलाबी. दिवाळीत आम्ही गेलो होतो, तेव्हा चहा पिता पिता मी सहज म्हणालो, की छान आहे हो, मुलुंडला एक लावायला हवी. दिलीपराव हसले. नुसते हसले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण त्यांनी वर "मुलुंडला?" असंही विचारलं.

मुलुंडकराला काहीही बोला, त्याच्या थंडीला बोलू नका. डिसेंबरात शेजारच्या नाहूरची मंडळी पंखा पाचवर ठेवून झोपतात, तेव्हा आम्ही डोंगराकडून वारा येतो म्हणून तीनवर ठेवतो. (माझ्याकडे स्वेटरही आहे. वर्षातून एकदा मी तो घालतो, फोटो काढतो आणि लगेच काढून टाकतो.) हे सगळं मी दिलीपरावांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे एक छोटी कुंडी उचलून माझ्या हातात दिली. तिच्यात गुडघ्याएवढं झाड होतं आणि झाडावर सात टणक, हिरव्या कळ्या होत्या.

"संक्रांतीला आम्ही तुमच्याकडे येतोय," ते म्हणाले. "एक फूल दाखवा, सुहासराव. एकच. मुंबईबद्दल जन्मात काही बोलणार नाही."

दिलीपराव गेली पंचवीस वर्षं मुंबईबद्दल बोलत होते. ते बंद होणार असेल तर मी उंबराचंही फूल आणून दाखवलं असतं.

घरी आल्यावर कळलं, की झाड आणलं नाही, जावई आणला आहे. माती आंबट हवी. पाणी जड नको. ऊन नको, अंधारही नको. मुळं सुकता कामा नयेत आणि भिजलेलीही राहता कामा नयेत. नीता म्हणाली, हिच्यापेक्षा माझी आत्या परवडली. पहिला आठवडा अझेलिया आमच्या बेडरूममध्ये एसीत राहिली. नीताला एसीने सर्दी होते, म्हणून नीता हॉलमध्ये. मातीला आंबटपणा कसा आणायचा यावर माझा मोबाईलवर अभ्यास चालू होता, तेव्हा बाबांनी पेपरातून डोकं न काढता उपाय सांगितला. बाबा म्हणजे माझे वडील, वय ब्याऐंशी. उभा जन्म गिरणीत आणि मुंबईत गेला, तरी बोलणं अजून कुडाळचं.

"आंबट व्हया ना? मगे आमसुलाचा पानी घाल."

घातलं. चहाचा चोथा धुऊन घातला. तेवढ्यात एसीच्या कोरड्या वाऱ्याने दोन पानं गळली, म्हणून मी कुंडी उचलून तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात, खिडकीखाली ठेवली. तिथे थेट ऊन येत नाही आणि डोंगरावरचा वारा (येतोच!) येतो. झाडाला जागा मानवली. जानेवारी लागला तशी पहिली कळी फुगली, तिच्या टोकाला गुलाबी रंग दिसायला लागला. मी आनंदाने झोपलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसमधून येऊन बघतो तर कळीच्या जागी नुसता देठ.

दोन दिवसांनी दुसरी गेली. मग तिसरी. चोर जाणकार होता. मिटलेल्या कळीला हात लावत नव्हता, बरोबर उमलली की त्याच सकाळी खुडत होता.

संशय कोणावर घ्यायचा हा प्रश्नच नव्हता. आमच्या समोरच्या दारात पेडणेकरकाका राहतात. काका सकाळी फिरायला जातात ते एका हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि दुसऱ्या हातात आकडा लावलेली काठी घेऊन. आमच्या गल्लीतली जास्वंद, तगर, कण्हेर, जे जे म्हणून कुंपणाबाहेर डोकावतं ते ते काकांच्या देवाचं. त्याबद्दल आजवर कोणी त्यांना बोललं नव्हतं. काका स्वभावाने सोन्यासारखे, आमच्या लेकीला त्यांनीच सायकल शिकवली. पण माझ्या डोळ्यांसमोर दिलीपरावांचं ते हसणं होतं.

काकांना तोंडावर विचारायची माझी हिंमत नव्हती. म्हणून मी कुंडीच्या वर भिंतीवर एक सूचना लावली: "चोरीची फुले वाहणाऱ्याला देव कधीही पावत नाही. – एक रहिवासी." माझं अक्षर चांगलं आहे. शिवाय मी ती लॅमिनेट करून घेतली.

"लॅमिनेट केलंस?" नीताने विचारलं. "अरे, मजल्यावर दोनच घरं आहेत. 'एक रहिवासी' म्हणजे कोण, हे काय कोडं आहे?"

बाबांनी मात्र सूचना दोनदा वाचली आणि मान डोलावली. "बरा लिवलंस," म्हणाले.

त्या दिवसापासून काकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. काठी घेऊन बाहेर पडणंही बंद केलं. मला ते लागलं, पण मी म्हटलं, कर नाही त्याला डर कशाला? आणि फुलं जातच राहिली. रोज पूजेला बसलो की मी देवाला हात जोडून म्हणायचो, की बाप्पा, एवढा चोर पकडून दे. आमच्याकडे पूजा मी करतो. बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना खाली बसवत नाही. ते पहाटे उठून दाराच्या कडीला अडकवलेली फुलपुडी आत आणतात आणि परडी भरून ठेवतात. मी आंघोळ करून येतो आणि सात मिनिटांत देव उरकून ऑफिसला पळतो. तेही चष्मा न लावता, कारण आंघोळीनंतर काचांवर वाफ धरते. (चष्म्याशिवाय मला झेंडू आणि लिंबू यांत फरक कळत नाही. पण देवाला भाव लागतो, नंबर नाही.)

एका रविवारी मी पहाटे साडेपाचपासून दाराच्या भिंगाला डोळा लावून उभा राहिलो. (त्यातून कुंडी दिसत नाही, पण काकांचं दार बरोबर समोर दिसतं.) दूधवाला आला, गेला. बाबा फुलपुडी घ्यायला बाहेर गेले, आत आले. बाकी चिटपाखरू नाही. सात वाजता दार उघडलं, तर सहावं फूल गेलेलं. माणूस इतका सफाईदार असू शकतो, याचं मला मनातून कौतुकच वाटलं.

आता उरली एकच कळी आणि संक्रांत उद्यावर. संध्याकाळी बघितलं तर ती टपोरी झाली होती, सकाळी नक्की उमलणार. मी तिच्यावर ताटावर झाकायची जाळी ठेवली, जाळीच्या कडेला चार विटा लावल्या आणि ठरवलं, की आता पाहुण्यांसमोरच उघडायची.

दिलीपराव नऊ वाजता आले. मी त्यांना बूट काढू न देता खिडकीशी नेलं, नीताला आणि मेहुणीला बोलावलं, विटा बाजूला केल्या आणि जाळी उचलली. खाली सात बोडके देठ होते. जाळी जशीच्या तशी, विटा जागच्या जागी.

दिलीपराव हसले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते जास्त वाईट होतं. तेवढ्यात पेडणेकरकाकांचं दार उघडलं. संक्रांतीला गोड बोलायचं असतं हे मला माहीत होतं, पण माझा तोल गेला.

"काका, आजचा दिवस तरी सोडायचं होतंत!"

काकांनी आपलं दार सताड उघडलं. मग म्हणाले, "ये. माझा देव्हारा बघ."

आम्ही सगळे गेलो. देव्हाऱ्यात नुसत्या अक्षता आणि तुळशीची दोन पानं होती. आठवडाभर काका बाहेर पडलेच नव्हते.

"आता तुझा दाखव," काका म्हणाले.

मी ताठ मानेने त्यांना घरात आणलं. वाफ कधीच गेली होती, नाकावर चष्मा होता. देव्हाऱ्यात आमच्या गणपतीच्या मस्तकावर, तासाभरापूर्वी मीच माझ्या हाताने वाहिलेलं, टवटवीत गुलाबी अझेलियाचं फूल होतं.

"फुललं की हो!" दिलीपराव ओरडले. "सुहासराव, मानलं तुम्हाला."

मी बाबांकडे बघितलं. बाबा तिळगुळाचा डबा उघडत होते.

"बाबा, तुम्ही?"

"मी नाय तर कोण? कळी तोडूक नाय हां मी. फुललेलाच काढतंय."

"पण मी ती पाटी लावली होती ना, चोरीची फुलं म्हणून."

"चोरी कसली? झाड आमचा, देव आमचो," बाबा म्हणाले. "घरातला फूल पयला देवाक नाय तर काय साडूक दाखवूचा?"

मी काकांच्या पाया पडलो. अगदी मनापासून पडलो, कारण त्या आठवड्यात समोरचं दार बंद बघताना मला खरंच चुकल्यासारखं होत होतं. काकांनी मला उठवलं, तिळगूळ दिला आणि माफ केलं. फक्त एक अट घातली. दिलीपरावांनीही शब्द पाळला, आता ते मुंबईबद्दल अवाक्षर काढत नाहीत. माझ्याबद्दल काढतात.

काकांची अट मी त्याच दुपारी पुरी केली. जिन्यातली ती पाटी काढली आणि काकांच्या देखरेखीखाली आमच्या देव्हाऱ्याच्या मागच्या भिंतीवर लावली. लॅमिनेट केलेली असल्यामुळे उदबत्तीच्या धुरानेही तिला काही होत नाही. मीही हल्ली चष्मा पुसून, लावूनच पूजेला बसतो. देवाकडे काही मागायला हात जोडले, की समोर माझ्याच सुंदर अक्षरात उत्तर लिहिलेलं असतं.