सतरा नंबरचे सांधे

ही सहा मजली इमारत उभी राहिली तेव्हा तिच्या वेल्डरांना नावं नव्हती, नंबर होते. सांधा जोडून झाला की शेजारी ठशाने आपला नंबर ठोकायचा. उद्या काही झालं तर कुणाचा कान धरायचा, ते कळावं म्हणून. काकांचा नंबर सतरा.

पुढे लेकीने याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. काकांनी छताकडे बोट करून जावयाला सांगितलं, "सासऱ्याने जोडलंय. निर्धास्त झोपा."

भूकंपात शेजारच्या विटांच्या दोन इमारती बसल्या. ही पोलादी सांगाड्याची जागची हलली नाही. लेकीच्या घरात एक पेला फुटला, तेवढंच. तरी तपासणी होईपर्यंत सगळ्यांना बाहेर काढलं होतं. रहिवासी फाटकाशी भेटले की काकांचा हात हातात घेत. काका मान डोलवत. त्यांची झोप मात्र उडाली होती.

बाराव्या दिवशी इंजिनिअर बाई आल्या. पोलादाचं हाड मोडत नाही, म्हणाल्या, पण बीम खांबाला भेटतो तो सांधा आतून तडकतो आणि आगीपासून वाचवायला दिलेला वरचा लेप ते झाकून ठेवतो. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे आठ सांधे निवडून त्यांनी लेप फोडायला लावला. आठही धड निघाले.

"काका, काम पक्कं आहे तुमचं. संध्याकाळी सही करते. येऊ देत लोकांना घरी."

काका आठही ठिकाणी शिडी चढून आले होते. ठसे सगळे इतरांचे: चार, नऊ, अकरा, पुन्हा चार... सतरा कुठेच नव्हता.

ते पायरीवर बसले. गुडघे चोळत राहिले.

"यात माझा एकही नाही," ते म्हणाले.

"बाबा!" लेक पुढे आली. "गप्प बसा ना. आत्याकडे एका खोलीत सहा माणसं झोपतोय आम्ही. निघालेत ना सगळे चांगले?"

"तुझ्या घरातला उघडायचाय. खिडकीजवळचा."

"नवीन रंग दिलाय तिथे!"

"माहितेय. मीच दिलाय."

लेप निघाला. बीमच्या खालच्या पट्टीवर, बरोबर मध्यात, केसाएवढी भेग होती. ती खांबाच्या दिशेने गेली होती. शेजारी ठसा: सतरा.

मग काकाच बोलले. खालची पट्टी एका दमात जोडता येत नाही, बीमचं उभं अंग मध्ये येतं. अर्धी या बाजूने करायची, थांबायचं, पलीकडे जाऊन उरलेली. थांबलो तिथला जळका थर खरवडून मग पुढे जायचं. काका खरवडत नसत. वरून शिवण चकाचक दिसे, आणि इतरांचे दोन होईपर्यंत त्यांचे चार सांधे होत. सगळीकडे सतराचंच कौतुक.

"त्या काळी सगळे असंच करत असतील," बाई हळूच म्हणाल्या.

"चार नंबर खरवडायचा. आम्ही त्याला चिडवायचो, काय रे, लोखंडाचे दात घासतोस का?" काका हसायला गेले. जमलं नाही. "त्याचे दोन्ही धड आहेत, पाहिलंत ना."

बाईंनी सहीचा कागद पुन्हा पिशवीत ठेवला. "तुमचे किती?"

"तिसऱ्यापासून वर, पूर्वेचे सगळे. चव्वेचाळीस. लेपाखाली ठसे दिसायचे नाहीत. मी खुणा करून देतो. खडू आहे का?"

लेक खिडकीशी पाठ करून उभी होती. तिने फोन लावला. "आत्या, आम्ही अजून थोडे दिवस राहतोय गं. नाही, नाही, सगळे बरे आहेत."

फोन ठेवून तिने स्टूल उचललं.

"चला," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "शेजारच्यांची किल्ली माझ्याकडे आहे. आणि आता तरी सावकाश चढा."