अक्कांच्या हातचे पांढरे सूट

कबनूरला आमची शिलाईची शेड आहे. थोरली जाऊ आणि मी मिळून ती चालवायचो. शाळेचे गणवेश, सफाई कामगारांचे खाकी शर्ट अशी सरकारी कामं मिळायची. जावेला मी अक्का म्हणायचे.

करोनात यंत्रमाग बंद पडले, गल्ली मुकी झाली. तेव्हा निरोप आला की दवाखान्यातल्या माणसांसाठी अंगभर झाकणारे सूट हवेत, बाहेरून माल येत नाही, इथल्याच लहान कारखान्यांकडून घ्यायचे ठरलंय. घरात पुरुषमाणसांचा विचार चालू होता तोवर अक्कांनी होकार कळवून टाकला.

पहिला माल परत आला. सुईच्या भोकांतून पाणी आत झिरपत होतं. मग शिवणीवर गरम पट्टी चिकटवायचं मशीन आणलं. तरीही अक्का प्रत्येक शिवण बोटानं चाचपून बघायच्या. बायका कुरकुरल्या तर एवढंच म्हणायच्या, "आत माणूस असणार हाय, बाई."

दुसऱ्या लाटेत अक्कांनाच ताप भरला. दमणूक आहे म्हणत त्यांनी तो अंगावर काढला. धाप लागली तेव्हा आम्ही त्यांना कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. दारातच पांढऱ्या सुटातल्या एका माणसानं त्यांना चाकाच्या खुर्चीवर बसवलं. अक्कांनी त्याची बाही धरली, मनगटाजवळ उलटी करून शिवण पाहिली आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आपलाच हाय." त्याला वाटलं, बाई घाबरलीय. त्यानं हळूच हात सोडवून घेतला आणि खुर्ची आत ढकलली. मला दारातच थांबवलं.

त्यानंतर अक्का मला दिसल्या नाहीत. फोनवरच कळलं.

स्मशानात काय झालं ते मला नवऱ्यानं सांगितलं. घरच्यांना लांब उभं केलं होतं. थोरल्या दिरांनी अक्कांसाठी हिरवं लुगडं नेलं होतं, सवाष्ण गेली म्हणून. लुगडं हातात धरून ते तसेच उभे राहिले. शेवटी सुटातला एक कामगार जवळ आला. "पावणं, द्या इकडं," तो म्हणाला. "मी घालतो नीट." आणि आपल्या घरातलीच बाई असावी तसं त्यानं ते बांधलेल्या देहावर पसरून, सुरकुत्या काढून घातलं.

घरी आल्यावर दिरांनी मला विचारलं, दवाखान्याच्या दारात ती काय बोलली. मी सांगितलं.

"माझं काय बोलली न्हाय?"

"त्यांना धाप लागली होती हो," एवढंच मी म्हणाले.

पुढं मोठमोठे कारखाने सूट शिवू लागले, नव्या टेंडरच्या अटींत आमची शेड बसेना. आम्ही पुन्हा गणवेशांकडं वळलो. आता दीर शेडमध्ये येऊन बसतात, काज-बटणं करतात. आयुष्यभर माग चालवलेला माणूस, सुई नीट धरता येत नाही. बटणं वाकडी लागतात. ते जेवायला गेले की मी ती उसवते आणि पुन्हा लावून ठेवते. त्यांना ते माहीत असावं.