सिद्धेश्वरचे खवले

रत्नपाल सरांच्या मायच्या, भागूबाईच्या, मांडीत स्टीलचा रॉड होता. साखरा गावी बैलगाडीवरून पडली तेव्हा बसवलेला. थंडी सुरू झाली की ती मांडी चोळत म्हणायची, "रतन, एवढं इंजिनेर झाला, ह्या लोखंडाचं काही करता येत न्हाई का रे?"

त्या प्रश्नानं सरांना इंजिनांकडून हाडांकडे वळवलं. तुटलेल्या हाडाला आधार देईल आणि काम झालं की शरीरातच विरघळेल असा पदार्थ त्यांना करायचा होता. नोकरी लागली हिंगोलीच्या लहानशा कॉलेजात, जिथं पहिली भट्टी त्यांनी स्वतःच जोडली. विद्यार्थी बहुतेक तांड्या-वाड्यांवरचे. घरात पहिल्यांदाच कॉलेज बघणारे. सर त्यांना उपकरणाच्या बटणाआधी एक गोष्ट शिकवत: निकाल आवडला की तो दोनदा तपासायचा.

नीता त्यांची एम.टेक.ची विद्यार्थिनी, औंढ्याकडच्या तांड्यावरची. सिद्धेश्वर धरणावर कोळी माशांचे खवले फेकून देतात. त्या खवल्यांपासून तिनं हाडासाठी पातळ पापुद्रा तयार केला. तो पेशींना चालतो का, हे नांदेडच्या प्रयोगशाळेत तपासलं. जिवंत पेशी असल्या की चाचणीचं द्रावण जांभळं होतं. नीताचं द्रावण वांग्यासारखं गडद झालं. त्यावरचा दोघांचा लेख परदेशी नियतकालिकानं स्वीकारला. कॉलेजच्या फाटकावर दोघांच्या फोटोचा फ्लेक्स लागला. नीताच्या बापानं, फुलसिंगनं, त्याखाली उभं राहून सेल्फी काढला.

दिवाळीच्या सुट्टीवरून नीता परत आली ती रडवेल्या तोंडानं.

"सर, आपला निकाल खोटा आहे."

"काहून?"

"खवले याडी, माझी आई, धुवून देते. घरात वास मारतो म्हणून ती दर खेपेला त्यांना हळद चोळते. परवा मी डोळ्यांनी बघितलं."

"पण पापुद्रा पिवळा दिसला असता."

"होताच की सर, फिकट. मला खवल्याचा रंग वाटला."

 सरांनाही तसंच वाटलं होतं. हळदीच्या ह्या मुलखात पोती पिवळी, हात पिवळे, एसटीची सीटसुद्धा पिवळी. पिवळं काही नजरेत भरतच नाही.

दोघं नांदेडला गेले. एकही पेशी नसलेल्या बशीत त्यांनी नुसता तो पापुद्रा ठेवला आणि तीच चाचणी केली. द्रावण जांभळं झालं. हळद पेशींशिवायच ते द्रावण जांभळं करत होती; रंग पेशींचा कमी, हळदीचाच जास्त होता.

प्राचार्य तातेराव दार लोटून हळूच म्हणाले, "छापून येऊ द्या हो. हिंगोलीत कोण तपासायला बसलंय?"

"तपासणार न्हाई कोणी. पण उद्या हाच पापुद्रा बसवतील, साहेब. कोणाच्या तरी मायच्या मांडीत."

नीता बाहेर उभी होती. "माझं नाव काढा, सर. तुमचं राहू द्या."

"नाव काढायला लेख तर राहिला पाहिजे ना? चल, लेख मागं घेतो म्हणून मेल टाइप कर. कारण खरं लिही."

"हळद लिहू?"

"मग काय, हवामान लिहितीस?"

मेल गेला. फ्लेक्स सरांनीच शिडी लावून उतरवला, गुंडाळला आणि रविवारी मोटरसायकलला बांधून तांड्यावर नेला. धरणावरून दोघांनी ताजे खवले आणले होते. सर स्वतः धुवायला बसले. नीताची आई मिराबाई ओशाळून लांबच उभी होती.

"सर, माझ्यामुळं पोरीचं वरीस गेलं."

"वरीस न्हाई गेलं, मिराबाई. सहा महिने जास्त लागतील. तुमी फक्त हळदीचा डबा लपवून ठेवा."

खवले वाळवायला नीतानं अंगणात फ्लेक्स अंथरला. तिनं तो उलटा करायला घेतला, तर सर म्हणाले, "राहू दे, छापलेली बाजू गुळगुळीत आहे. खवले चिकटणार न्हाईत."

मिराबाईनं पदर तोंडाला लावला. "सर, तुमच्या फोटोतल्या नाकावरच वाळत घालून राहिली पोरगी!"

"घालू द्या," सर म्हणाले, आणि ओले खवले त्यांनी स्वतःच्या कपाळावर नीट पसरले.