दादा गप्प राहायला शिकला

माझा मोठा भाऊ दोन-एक वर्षांपासून गावच्या मारुतीच्या पारावर रोज सांजेच्या प्रार्थनेला बसतो. त्याआधी तो इतका तापट होता, की बोरी अरबच्या बाजारात त्याच्याशेजारी उभं राहायची मला लाज वाटे. त्याच्या तोंडाला कंटाळूनच बाबा माझ्या घरी राहायला आले होते. समजूतदार मुलगा मी, हे ठरलेलं होतं, आणि त्यात मी सुखी होतो.

मग बाबा जेवताना म्हणू लागले, "मोठा लय बदलला गड्या." घास माझ्या घरचा, कौतुक त्याचं.

मीही प्रार्थनेला जाऊ लागलो. शेवटी सगळे डोळे मिटून मौन धरतात, तेव्हा मी मागच्या ओळीतून त्याची पाठ बघायचो. मागणं एवढंच, की हा एकदा बाबांसमोर पहिल्यासारखा भडकू दे.

तसं काही होईना. म्हणून उन्हाळ्यात नांगरताना मी आमच्या दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यात, म्हणजे बांधात, नांगराची एक ओळ आत घातली. धुरा कोरण्यावरून आमच्याकडे सख्खे भाऊ कोर्टात जातात. बाबांना मुद्दाम सोबत नेलं होतं.

दादा आला. धुरा पाहून त्याच्या मानेची शीर फुगली. मला आतून बरं वाटलं. त्यानं डोळे मिटले, पारावर मिटतो तसेच. उघडल्यावर म्हणाला, "बैल बिचकला काय बे?"

"हो."

"बिचकते थो कधी कधी. बाबा, ऊन लागून राह्यलं, सावलीत बसा."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. वाटणीच्या वेळी तो धुरा त्यांनीच घातला होता.

संध्याकाळी ते म्हणाले, "मी मोठ्याकडं राह्यतो आता."

"काहून?"

"तिथी बरं वाटते."

त्यांची पिशवी मीच नेऊन दिली. अंगणात दादाला विचारलं, "तू प्रार्थनेत मांगतं काय?"

"काही नाई. तेवढा वेळ तोंड बंद राह्यते. सवय लागली, तं घरी बी राह्यते थोडं. तुह्या वहिनीले इचार," आणि हसला.

मी अजून प्रार्थनेला जातो. आता डोळे मिटतो. पण परतताना त्याच्या दाराशी पाय रेंगाळतात. आत आवाज चढलाय का, ते ऐकतो. बाबांच्या हसण्याशिवाय काही ऐकू येत नाही.